न्यायासन आपले नव्हे

मरण, अधोलोक, नरक व शेवटचा न्याय यांविषयी एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक १३:२२-३०, लूक १६:१९-३१, मत्तय २५:३१-४६, रोम. २:१-१६.

पाठाचा हेतू : मेलेल्यांच्या गतीविषयी शास्त्र काय सांगते, काय सांगत नाही, आणि शोक करणाऱ्याच्या दारी उपदेशकाने कोणत्या शब्दांनी उभे राहावे, हे समजून घेणे.



सेमिनरीतील अभ्यास संपवून आम्ही प्रथमच एका खेड्यातील मंडळीत गेलो, त्यास आता वीस वर्षे होऊन गेली. आम्ही जाऊन सहा महिने झाले नाहीत तोच त्या गावी एका ख्रिस्ती शेतमजुराची वृद्ध आई वारली. मुलाने बायकालेकरांसह बाप्तिस्मा घेतला होता. आईने घेतला नव्हता. उपासनेच्या वेळी ती कधीकधी येई व दाराजवळ बसून ऐके. पण देव्हाऱ्यातले टाक तिने शेवटपर्यंत हलविले नाहीत. तो तिचा एकुलता एक मुलगा. दहाव्याला पिंड ठेवणार नाही, असे त्याने भावकीस सांगितले, तेव्हा सर्वांनी त्यास बोल लावला. पिंड नाही, कावळा शिवणार नाही, म्हातारीचा जीव असाच घुटमळत राहणार, असे जो तो म्हणू लागला.

त्या रात्री तो आमच्या घरी आला. ओट्यावर बसून बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “मास्तर, भावकी म्हणती आईचा जीव भटकतोय. आपलं शास्तर काय म्हणतं? ती आता कुठं हाय?”

आमच्याजवळ वर्गात उतरून घेतलेली टिपणे होती व ती आम्हांस पाठ होती. जिने विश्वास कबूल केला नाही व बाप्तिस्मा घेतला नाही ती नरकात आहे, असे आम्ही एका वाक्यात सांगून टाकले. त्याने पटका उचलला, रामराम केला व तो निघून गेला. पुढे तीन महिने त्याची बायको लेकरांस घेऊन उपासनेस येत असे, तो येत नसे. भावकीने त्याला भटकणारा जीव दिला होता आणि आम्ही आग दिली. सांत्वन कोणीच दिले नाही.

आमचे उत्तर ऐकावयास कठोर होते एवढ्यावरून ते चुकीचे ठरत नाही. शास्त्रात कठोर वचने पुष्कळ आहेत. पण जो निकाल देण्याचा अधिकार देवाने कोणत्याही उपदेशकास दिलेला नाही, तो आम्ही देऊन बसलो होतो. ही चूक आमच्या एकट्याचीच असती तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. गावोगावच्या मंडळ्यांत ती अजून घडते; म्हणून हा पाठ.

१. मरण

प्रेषित पौल मरणास शत्रू म्हणतो, आणि सर्वांत शेवटी नाहीसा केला जाणारा शत्रू तोच असे शिकवितो (१ करिंथ. १५:२६). शत्रू आला असता घरात रडे होणारच. बेथानीत प्रभु येशू लाजराच्या कबरेकडे गेला, तेव्हा थोड्याच वेळात आपण त्यास उठविणार हे त्यास ठाऊक होते. तरी तो रडला (योहान ११). थेस्सलनीका येथील मंडळीस पौल लिहितो ते एवढेच की, ज्यांस आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका (१ थेस्स. ४:१३). शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. विधवा झालेल्या बाईस “रडू नको, रडणे अविश्वासाचे लक्षण आहे,” असे दटावणारे उपदेशक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी बेथानीची गोष्ट पुन्हा वाचावी.

दुसरी गोष्ट अशी की, मनुष्यास मरणे एकदाच नेमून ठेवले आहे व त्यानंतर न्याय आहे (इब्री ९:२७). चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा शास्त्रात नाही, आणि पिंडासाठी घुटमळणारा जीवही नाही. मृताची गती कावळ्यावर, भाताच्या गोळ्यावर, किंवा मुलाने तेराव्यास किती पंगती उठविल्या ह्यावर अवलंबून नाही. आईबापांच्या दिवसांसाठी सावकाराकडे जमीन गहाण टाकून ती कायमची गमावलेली कुटुंबे आपल्या खेड्यांत थोडी नव्हती. त्या भयातून शुभवर्तमानाने आपणांस सोडविले आहे. तेव्हा एक भय काढून त्याच्या जागी आपल्या तोंडाने दुसरे घालू नये.

जे ख्रिस्तामध्ये मरतात ते त्याच्याजवळ आहेत, हे शास्त्र उघड सांगते (लूक २३:४३, फिलिप्पै. १:२३). पुनरुत्थान व्हावयाचे आहे, आणि ते नीतिमान व अनीतिमान अशा दोघांचेही होणार आहे (प्रे. कृत्ये २४:१५). मधल्या काळाविषयी ह्याहून फारसे शास्त्र सांगत नाही. आपणही सांगू नये.

२. अधोलोक व नरक हे दोन शब्द

येथे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून थोडे सावकाश पाहू.

जुन्या कराराच्या इब्री भाषेत “शओल” हा शब्द सुमारे ६५ वेळा आला आहे. शओल म्हणजे मेलेल्यांचे स्थान. तेथे दुष्ट जातात तसे भलेही जातात. योसेफ मेला असे वाटून याकोब म्हणाला की, मी शोक करीत मुलाकडे शओलात उतरून जाईन (उत्पत्ति ३७:३५). माझा लाडका मुलगा आगीत आहे व मीही तेथे जाणार, असे याकोबास म्हणावयाचे नव्हते. नव्या कराराच्या हेल्लेणी भाषेत ह्याच अर्थाचा शब्द “हेडीस” हा आहे. आपल्या मराठी शास्त्रात ह्या दोहोंसाठी “अधोलोक” हा शब्द घातला आहे.

नव्या करारात दुसरा एक शब्द आहे, तो “गेहेन्ना”. हा १२ वेळा आला आहे. त्यांपैकी ११ वेळा प्रभु येशूच्या तोंडी व एकदा याकोबाच्या पत्रात. ह्यासाठी मराठीत “नरक” हा शब्द घेतला आहे. इंग्रजी भाषेत १६११ साली छापलेल्या प्रसिद्ध भाषांतरात शओल ह्या शब्दासाठी ३१ वेळा नरकाचा शब्द घातला, ३१ वेळा कबरेचा, व ३ वेळा खळग्याचा. त्यामुळे इंग्रजी वाचकांस अधोलोक व नरक एकच वाटू लागले. आपल्या शास्त्रात हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत हा आपला लाभ आहे. वाचताना तो सोडू नये. लूक १६ मध्ये श्रीमान मनुष्य यातना भोगतो ते स्थान अधोलोक होय. आणि प्रकटीकरण २०:१४ मध्ये मरण व अधोलोक हीच दोन्ही अग्नीच्या सरोवरात टाकली जातात. दोन्ही एकच असती तर ह्या वचनाला अर्थ उरला नसता.

आता “नरक” हा शब्द. तो आपल्या देशात फार जुना आहे. मनुस्मृतीत २१ नरक सांगितले आहेत, भागवताच्या पाचव्या स्कंधात २८. सुतकाच्या घरी गरुडपुराण वाचतात, त्यात यमदूत, वैतरणी व पाप्यांना भोगावे लागणारे नाना प्रकारचे छळ यांचे वर्णन ऐकावयास मिळते. ते नरक कर्माचे फळ भोगण्यापुरते असतात; भोग संपला की जीव पुन्हा जन्मास येतो. भाषांतरकर्त्यांनी हा शब्द घेतला ह्यात त्यांचा दोष नाही, दुसरा शब्द हाताशी नव्हता. पण त्या शब्दाबरोबर जुनी चित्रेही आली. उपदेशक नरक म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे तेलाची कढई व यमाचा रेडा उभा राहतो. पुष्कळदा ही चित्रे उपदेशकाच्या स्वतःच्याही डोळ्यांपुढे असतात, आणि तो तीच रंगवून सांगतो.

प्रभूने कोणती चित्रे दिली ती पाहा. तो न विझणाऱ्या अग्नीविषयी बोलतो (मार्क ९:४३). बाहेरच्या अंधाराविषयी बोलतो (मत्तय २२:१३). घरधन्याने उठून लावून घेतलेल्या दाराविषयी बोलतो (लूक १३:२५). जेथे आग आहे तेथे अंधार कसा, असे कोणी विचारील. जॉन कॅल्विन (१५०९-१५६४) ह्यांनी आपल्या ‘ख्रिस्ती धर्मतत्त्वे’ ह्या ग्रंथात शिकविले आहे की, देवाच्या न्यायाची भयंकरता भाषेत मावत नाही, म्हणून अंधार, आग व किडा अशा देहास समजणाऱ्या गोष्टींनी ती आपणांस दाखविली आहे. चित्र म्हटल्याने गोष्ट हलकी होते असे कोणी समजू नये. नकाशातील नदी कोणास बुडवीत नाही. खरी नदी बुडविते. ह्या सर्व चित्रांत एकच अर्थ आहे, तो असा की, ज्याच्यासाठी मनुष्य निर्माण झाला त्या देवाजवळून त्याने कायमचे दूर व्हावे. “जा” हा एक शब्द प्रभूच्या तोंडून ऐकावा लागणे, ह्याहून मोठी आग आम्हांस ठाऊक नाही.

३. हिन्नोमाचे खोरे

गेहेन्ना हे मुळात एका जागेचे नाव आहे. यरुशलेमेच्या जुन्या नगराच्या पश्चिमेकडून दक्षिणेकडे वळण घेत जाणारे एक खोरे आहे. त्यास हिन्नोमाचे खोरे म्हणतात. इब्री भाषेतील “गे-हिन्नोम” ह्यापासून गेहेन्ना शब्द झाला.

वर्गात पुष्कळ वेळा असे सांगण्यात येते की, प्रभूच्या काळी तेथे गावचा केरकचरा टाकीत व तो रात्रंदिवस जळत असे. आम्हीही पूर्वी असे शिकविले आहे. पण ही माहिती राबी दावीद किम्ही (सुमारे ११६०-१२३५) ह्यांच्या स्तोत्रांवरील टीकेत आढळते, म्हणजे प्रभूनंतर हजार वर्षांहून अधिक काळाने. प्रभूच्या काळच्या कोणत्याही लेखात वा खोदकामात तिला आधार मिळालेला नाही. तेव्हा ती सांगू नये. शास्त्रात जे आहे ते पुरे आहे, आणि ते केरकचऱ्याहून फार भयंकर आहे.

आहाज व मनश्शे ह्या राजांनी ह्या खोऱ्यात आपली मुले अग्नीत होमिली (२ इतिहास २८:३, ३३:६). राजांचे पाहून लोकांनीही तेच केले. इ. स. पूर्वी सुमारे ६४० ते ६०९ ह्या काळात राज्य करणाऱ्या योशीया राजाने ते स्थान भ्रष्ट करून टाकले, अशासाठी की पुन्हा कोणी आपले लेकरू तेथे जाळू नये (२ राजे २३:१०). देवाने यिर्मयाच्या द्वारे सांगितले की, मी अशी आज्ञा केली नाही, ही गोष्ट माझ्या मनातही आली नाही (यिर्मया ७:३१).

हे वचन उपदेशकांनी अंतःकरणात ठेवावे. ज्या खोऱ्यावरून नरकास नाव पडले, त्या खोऱ्यातील आग मनुष्यांनी पेटविली होती. बापांनी पेटविली, आणि देवाचे काम समजून पेटविली. देवास तिची किळस आली. म्हणून नरकाविषयी बोलताना आपला आकाशातील पिता मोलखासारखा, लेकरे जळताना पाहून संतोष पावणारा आहे, असा भास होईल असे एक अक्षरही आपल्या तोंडून निघू नये. दुष्टाच्या मरणाने मला संतोष नाही, त्याने वळावे व जगावे ह्यात मला संतोष आहे, असे तो शपथेवर सांगतो (यहेज्केल ३३:११).

ह्या खोऱ्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७९ साली गाब्रिएल बारकाई नावाच्या विद्वानाने खोऱ्याच्या वरच्या उतारावरील जुन्या कबरा खणल्या. त्यांत रुप्याच्या पातळ पत्र्याच्या दोन लहानशा गुंडाळ्या सापडल्या. त्या फार नाजूक असल्यामुळे उलगडण्यास काही वर्षे लागली. त्यांवर जुनी इब्री अक्षरे कोरलेली होती. वाचून पाहता गणना ६:२४-२६ मध्ये अहरोन व त्याचे पुत्र ह्यांस शिकविलेला आशीर्वाद त्यांत निघाला, तोच, जो आपले पाळक उपासनेच्या शेवटी हात वर करून देतात. त्या गुंडाळ्या इ. स. पूर्वी सुमारे ६०० वर्षांच्या आहेत असे विद्वान म्हणतात. शास्त्रवचन कोरलेली ह्याहून जुनी वस्तू आजवर कोठे सापडलेली नाही. नरकास ज्याचे नाव दिले त्या खोऱ्याच्या काठी, कबरेत, देवाचा आशीर्वाद पंचवीसशेहून अधिक वर्षे पडून होता. ह्यावरून आम्ही कोणताही सिद्धांत काढीत नाही. फक्त ते खोरे आठवले म्हणजे हेही आठवावे.

४. प्रभूने हे कोणास सांगितले?

आता ह्या पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. नवा करार हाती घ्या, व गेहेन्नाविषयी प्रभूची अकरा वचने काढून प्रत्येक वेळी समोर कोण होते ते पाहा.

मत्तय ५ मधील तीन वचने डोंगरावर जवळ आलेल्या शिष्यांस शिकविताना बोललेली आहेत. मत्तय १०:२८ हे कामगिरीवर पाठविलेल्या बाराजणांस सांगितले. मत्तय १८:९ शिष्यांस. मार्क ९ मधील तीनही शिष्यांस, आणि तेही आपणांत मोठा कोण असा वाद त्यांनी वाटेत केल्यानंतर. लूक १२:५ मध्ये तो ज्यांस आपले मित्र म्हणतो त्यांस. उरली मत्तय २३ मधील दोन. ती शास्त्री व परूशी ह्यांस, म्हणजे धर्म शिकविणाऱ्यांस.

एकही वचन जकातदारास नाही. विहिरीवरच्या शोमरोनी बाईस नाही. कनानी बाईस नाही, रोमी शताधिपतीस नाही, वधस्तंभावरील चोरास नाही. ज्यांस गावाने बाहेर टाकले होते, ज्यांस शास्त्राची माहिती नव्हती, त्यांस प्रभूने नरकाची भीती घालून जवळ ओढले नाही. जे आत होते, ज्यांच्या हाती पुस्तक होते, त्यांस मात्र त्याने वारंवार सावध केले.

आम्ही हे वचनामागून वचन ताडून पाहिले त्या दिवशी आम्हांस आमची लाज वाटली. ज्या वचनांचा रोख आम्हांकडे होता, ती आम्ही एका मेलेल्या म्हातारीकडे वळविली होती. शताधिपतीविषयी बोलताना प्रभूने उघड म्हटले की, पूर्वेकडून व पश्चिमेकडून पुष्कळ येऊन बसतील आणि राज्याचे पुत्र बाहेर टाकले जातील (मत्तय ८:११, १२). राज्याचे पुत्र कोण? आज मंडळीच्या वहीत ज्यांची नावे आहेत, त्यांनी ह्याचा विचार करावा.

५. न्यायाधीश कोण व न्याय कसा?

शेवटचा न्याय निश्चित आहे. तो नाही असे शिकविणे म्हणजे गरिबावर झालेल्या जुलमाची दाद कोठेच नाही असे शिकविणे होय. ज्याची मजुरी बुडविली गेली व ज्याची फिर्याद कोणत्याही कचेरीत उभी राहिली नाही, त्यास न्यायाच्या दिवसाची वार्ता ही सुवार्ताच आहे (याकोब ५:४).

पण न्यायासनावर कोण बसणार? पित्याने सर्व न्याय पुत्राकडे सोपविला आहे (योहान ५:२२). ज्याच्या हातांत खिळ्यांचे व्रण आहेत तो न्यायाधीश आहे. आपल्यास मारणाऱ्यांसाठी ज्याने क्षमा मागितली तो निकाल देणार आहे. आपण त्याचे साक्षीदार आहो, फार तर त्याचे चपरासी. त्याच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडणे हे आपले काम नाही.

तो न्याय ज्याला जेवढा प्रकाश मिळाला त्या मानाने होईल. धन्याची इच्छा ठाऊक असूनही न करणाऱ्या दासास पुष्कळ फटके, ठाऊक नसता चुकलेल्यास थोडे (लूक १२:४७, ४८). कफर्णहूमापेक्षा सदोमास सोपे जाईल (मत्तय ११:२४). ज्यांजवळ नियमशास्त्र नाही त्यांच्या अंतःकरणात ते लिहिलेले असते व त्यांचा विवेक साक्ष देतो, असे पौल म्हणतो (रोम. २:१४-१६). ह्यावरून कोणी आपल्या पुण्याने तरेल असे आम्ही म्हणत नाही, तारण ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या कोणाच्या द्वारे नाही (प्रे. कृत्ये ४:१२). परंतु ख्रिस्ताची कृपा कोणापर्यंत व कशी पोहोचली हे मोजण्याची पायली आपल्या हाती दिलेली नाही. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करील, ह्या भरवशावर अब्राहाम सदोमासाठी विनंती करीत उभा राहिला (उत्पत्ति १८:२५). आपणही तेथेच उभे राहावे.

मत्तय २५ वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. पहिली ही की, राज्य मनुष्यांसाठी जगाच्या स्थापनेपासून सिद्ध केले आहे. अग्नी मात्र सैतान व त्याचे दूत ह्यांसाठी सिद्ध केला आहे, मनुष्यांसाठी नव्हे (वचने ३४ व ४१). मनुष्य तेथे जातो तो देवाने त्याच्यासाठी नेमलेल्या घराकडे पाठ करून जातो. दुसरी ही की, उजवीकडचे व डावीकडचे, दोन्हीही निकाल ऐकून चकित होतात. ज्या निकालाने खुद्द पक्षकार चकित व्हावयाचे आहेत, तो आपण आधीच सांगून टाकावा हे कसे शोभेल?

शिक्षा किती काळ, ह्याविषयी मंडळीत प्राचीन काळापासून विचार चालला आहे. ओरिजेन (सुमारे १८५-२५४) ह्यांस आशा होती की, शेवटी सर्व काही देवाशी पुन्हा जुळेल. मंडळीने पुढे ते मत मान्य केले नाही. ऑगस्टिन (३५४-४३०) ह्यांनी दाखविले की, मत्तय २५:४६ मध्ये जीवनास व शिक्षेस एकच “सार्वकालिक” हा शब्द लावला आहे, तेव्हा एक अनंत व दुसरी अल्प असे म्हणता येत नाही. बहुतेक मंडळ्या असेच शिकवीत आल्या आहेत. कित्येक भक्तिमान विद्वान मत्तय १०:२८ वरून असे समजतात की, दुष्टांचा शेवट सर्वस्वी नाश हा आहे. आम्ही मंडळीच्या सर्वसाधारण शिक्षणास धरून आहो. परंतु खेड्यातील वर्गात ह्यावर वाद माजवून दोन तट पाडू नयेत. दार लावले जाणार आहे एवढे ज्यास समजले, त्याने आत जाण्याची त्वरा करावी.

६. शोकाच्या घरी काय सांगावे?

तारण पावणारे थोडेच आहेत काय, असे कोणी एकाने प्रभूस विचारले. प्रभूने संख्या सांगितली नाही. तुम्ही अरुंद दाराने आत जाण्याची खटपट करा, असे तो म्हणाला (लूक १३:२३, २४). योहानाचे काय होईल, असे पेत्राने विचारले. तुला त्याचे काय, तू माझ्यामागे ये, असे त्यास उत्तर मिळाले (योहान २१:२१, २२). मेलेल्याविषयी विचारलेल्या प्रश्नास शास्त्र जिवंताविषयी उत्तर देते. हीच आपली रीत असावी.

उपदेशकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

(१) बाप्तिस्मा न घेता मेलेल्या मनुष्यास नरकात घालू नये. त्यास स्वर्गातही घालू नये. शेवटच्या श्वासात त्याचे व देवाचे काय बोलणे झाले ते आपण ऐकलेले नाही. वधस्तंभावरील चोराचे बोलणे त्याच्या घरच्यांनी ऐकले असेल असे नाही.

(२) नरकाच्या धाकाने लेकरांस गप्प बसवू नये. अशा लेकरास पुढे देवाचे नावच भीतीचे होते.

(३) न्यायाविषयी उपदेश करणे सोडू नये. पण तो प्रथम स्वतःस, मग मंडळीस करावा; शेजारच्या आळीकडे बोट दाखवून करू नये.

(४) शोकाच्या घरी आधी बसावे, मग बोलावे. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर त्यांचे काहीच चुकले नाही.

(५) पिंड नाही, दहावा नाही, म्हणून ख्रिस्ती मनुष्य आईबापांस विसरला असे गावास वाटू देऊ नये. त्यांच्या स्मरणार्थ उपासना करावी, कबर असेल तर ती नीट राखावी, व शक्तीप्रमाणे गरिबास भाकरी घालावी. मृतांची गती सुधारावी म्हणून हे करावयाचे नसून, त्यांनी आपणांस दिले त्याबद्दल देवाचे उपकार मानावे म्हणून करावयाचे आहे.

आता त्या शेतमजुराची गोष्ट पुरी करतो. तीन महिन्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने घोंगडी अंथरली. आम्ही त्यास म्हणालो, “बाबा, त्या रात्री आम्ही तुला जे सांगितले ते सांगण्याचा आम्हांस हक्क नव्हता. आम्हांस क्षमा कर. तुझी आई कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नाही. ती ज्याच्या हाती आहे तो मात्र आम्हांस ठाऊक आहे. तिचा जीव भटकत नाही. तिचा न्याय येशू करील, भावकी करणार नाही आणि मास्तरही करणार नाही.”

तो बराच वेळ चुलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हंजी तिचं त्याच्याकडं, अन् माझं माझ्याकडं.”

आम्ही होय म्हटले. पुढच्या रविवारी तो उपासनेस आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, आणि आई बसत असे त्या दाराजवळच्या जागी बसला. अद्यापि तो तेथेच बसतो.

याकोबाच्या पत्रात गेहेन्ना हा शब्द एकदाच आला आहे, हे वर सांगितले. तो कोठे आला आहे ते सांगून हा पाठ संपवितो. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असे म्हणून याकोब जिभेविषयी लिहू लागतो. आणि ह्या लहानशा अवयवास नरकाकडून आग लागलेली असते असे म्हणतो (याकोब ३:१-६). बंधूंनो, आपण शिक्षक आहो. ती आग शोक करणाऱ्याच्या घरी आपल्या जिभेवरून जाऊ नये, ह्यासाठी प्रभु आपणांस जपो.

वर्गासाठी प्रश्न

१. अधोलोक व नरक ह्यांत काय भेद आहे? याकोबाच्या व श्रीमान मनुष्याच्या गोष्टीवरून सांगा.

२. नरक म्हटले असता तुमच्या मनात कोणती चित्रे येतात? त्यांपैकी शास्त्रातील कोणती व बाहेरची कोणती?

३. हिन्नोमाच्या खोऱ्यात कोणी आग पेटविली? देवाने त्याविषयी काय म्हटले?

४. गेहेन्नाविषयी प्रभूची अकरा वचने काढा, व प्रत्येक वेळी तो कोणाशी बोलत होता ते लिहा.

५. तुमच्या गावी बाप्तिस्मा न घेता कोणी वारले, व मुलाने तुम्हांस विचारले की, माझी आई कोठे आहे, तर तुम्ही काय सांगाल?